पहिल्या टप्प्याची खरखर : क्वांटम उपकरणांचे संकेत वाचणारे अतिथंड ॲम्प्लिफायर

७ ऑक्टोबर २०२५ रोजी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना जाहीर झाले. हातात धरता येईल एवढ्या मोठ्या विद्युत मंडलातही अणूंच्या जगाचे क्वांटम नियम चालताना दिसतात, हे या तिघांनी १९८४-८५ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत दाखवून दिले होते. या निमित्ताने क्वांटम संगणकाविषयी पुन्हा बरेच बोलले गेले, परंतु त्या मंडलात काय घडत आहे हे बाहेर बसलेल्या माणसाला कळते कसे, हा भाग अशा चर्चेत बहुधा गाळलाच जातो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पदवीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो. कापूस वेचणीच्या दिवसांत अधूनमधून गैरहजर राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने नेमके त्यावरच बोट ठेवले : "सर, ते सर्किट एवढं नाजूक आहे, तर त्याच्यात काय चाललं हे बाहेरच्याले समजते कसं?"

या प्रश्नाचे उत्तर एका विशिष्ट प्रकारच्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे आणि माझ्या मते या संपूर्ण क्षेत्रात सर्वांत कमी कौतुक वाट्याला आलेली वस्तू तीच आहे. संकेत मोठा करणे हे तिचे काम आहे असे आपण समजतो. ते कुठलाही ॲम्प्लिफायर करतो. मोठा करताना स्वतःचे काहीही त्यात मिसळू न देणे, हे खरे अवघड काम आहे.

## मोजायचे आहे ते किती लहान?

ज्या संगणकांची चर्चा होते त्यांपैकी एका प्रमुख प्रकारात माहितीचा मूळ घटक, म्हणजे क्यूबिट, हे सिलिकनच्या किंवा नीलमच्या चकतीवर ॲल्युमिनियम अथवा नायोबियमसारख्या धातूने काढलेले सूक्ष्म मंडल असते. त्याला तारा लावून थेट मोजणी करता येत नाही. त्याच्या शेजारी रेझोनेटर, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेलाच प्रतिसाद देणारे दुसरे मंडल, ठेवतात आणि त्यावर मायक्रोवेव्ह लहरींचा अगदी क्षीण ठोका सोडतात. क्यूबिट एका स्थितीत असेल तर परतणारी लहर किंचित पुढे सरकलेली असते, दुसऱ्या स्थितीत असेल तर किंचित मागे. हा पुढे-मागेपणा ओळखला की क्यूबिट वाचला गेला.

ठोका जोरात मारला तर काम सोपे होईल असे कोणालाही वाटेल. परंतु जोरदार ठोक्याने क्यूबिटची स्थितीच बिघडते. त्यामुळे परतणाऱ्या लहरीत मोजके, फार तर काही डझन फोटॉन असतात. फोटॉन म्हणजे लहरीच्या ऊर्जेचा अविभाज्य कण. या लहरींची वारंवारता साधारणपणे ४ ते ८ गिगाहर्ट्झ असते, म्हणजे वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ज्या परिसरात येतो त्याच परिसरात. या वारंवारतेच्या एका फोटॉनची ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनच्या साधारण एक लाखाव्या भागाइतकीच असते. एवढ्या ऊर्जेचे काही फोटॉन, तेही एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात, पारखून निर्णय द्यायचा असतो. खोलीत ठेवलेल्या कोणत्याही उपकरणाला ते जसेच्या तसे दिसणे शक्य नाही. म्हणून ते वाटेतच मोठे करावे लागतात.

## खरखर येते कुठून?

देवळातल्या भजनाचा ध्वनिक्षेपक चालू असताना कोणी बोलत नसले तरी कर्ण्यातून सूं-सूं ऐकू येते. संकेत नसतानाही बाहेर पडणाऱ्या या अनियमित गडबडीला मी या लेखात खरखर म्हणणार आहे. तिचे एक मूळ उष्णतेत आहे. रोध असलेल्या कोणत्याही वस्तूतील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत वेडेवाकडे धडपडत असतात आणि त्या धडपडीतून आपोआप एक क्षीण विद्युत दाब निर्माण होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी हे मोजले, तिथल्याच नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले आणि दोघांचेही निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. वस्तू जितकी तापलेली, तितकी या खरखरीची शक्ती अधिक.

तापमान शास्त्रज्ञ केल्विनमध्ये मोजतात. त्या मापात शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियस, ज्याच्या खाली काहीच नाही. मे महिन्यात ब्रह्मपुरीला किंवा चंद्रपूरला पारा ४६ अंशांवर चढतो, तेव्हा केल्विनच्या मापात ते ३१९ होतात. ५ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानाच्या भाषेत सांगायची तर सुमारे ०.२४ केल्विन भरते. आता ३१९ ला ०.२४ ने भागून पाहावे. ज्या जागेत आपल्या संकेताचा एक फोटॉन मावतो, तेवढ्याच जागेत त्या दुपारी उष्णतेचे सुमारे तेराशे फोटॉन गर्दी करतात. त्यात आपला एक ओळखायचा कसा?

म्हणून ही सगळी चकती डायल्यूशन रेफ्रिजरेटर नावाच्या यंत्रात ठेवतात. हीलियमचे दोन प्रकार आहेत, हीलियम-३ आणि हीलियम-४; जवळपास शुद्ध हीलियम-३ हे हीलियम-४ मध्ये मिसळत असताना जी उष्णता शोषली जाते तिच्या बळावर हे यंत्र ०.०१ ते ०.०२ केल्विनपर्यंत उतरते. ताऱ्यांच्या मधल्या रिकाम्या अवकाशात पसरलेल्या आदिम प्रारणाचे तापमानही २.७ केल्विन आहे, म्हणजे या यंत्राचा तळ त्याच्या शेकडो पट थंड असतो. ०.०२ केल्विनला ५ गिगाहर्ट्झच्या लहरीत उष्णतेचा फोटॉन सापडण्याचे प्रमाण लाखात एकापेक्षाही कमी राहते. संकेत जिथून निघतो ती जागा अशा रीतीने शांत झाली. अडचण पुढेच आहे, कारण त्याला मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरची स्वतःची खरखर अजून शिल्लक आहे.

## सगळा भार पहिल्या टप्प्यावर का?

संकेत वाचायला एक ॲम्प्लिफायर पुरत नाही, एकापुढे एक असे अनेक लागतात. डॅनिश-अमेरिकन अभियंते हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये अशा साखळीचा साधा हिशेब मांडला आणि तो आजही तसाच वापरला जातो. पहिल्या ॲम्प्लिफायरने जी खरखर मिसळली ती संकेताच्या बरोबरीने पुढच्या प्रत्येक टप्प्यात मोठी होत जाते आणि तिला वेगळे काढण्याचा उपाय उरत नाही. दुसऱ्याने मिसळलेली खरखर मात्र तोवर मोठ्या झालेल्या संकेतात पडते, म्हणून तिचा परिणाम पहिल्याच्या वाढीच्या प्रमाणात घटतो. पहिल्याने संकेत शंभर पट केला असेल तर दुसऱ्याची खरखर शंभराने भागली जाते. तिसऱ्याचे तर विचारायलाच नको.

दीर्घकाळ हा पहिला टप्पा खास प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा असे. आमच्या प्रयोगशाळेत बीसी-५४७ ने जो ॲम्प्लिफायर मुले जोडतात त्याचाच हा फार वरच्या दर्जाचा भाऊबंद म्हणावा. तो ४ केल्विनच्या आसपास थंड करून चालवतात आणि त्याची स्वतःची खरखर साधारण २ ते ३ केल्विनची असते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कामगिरी थक्क करणारी आहे. परंतु ०.२४ केल्विनच्या फोटॉनशी तिची तुलना केली तर संकेताच्या डोक्यावर आठ ते बारा फोटॉनांची गडबड बसते, आणि वाटेतल्या तारांमध्ये संकेताची जी गळती होते ती धरली तर आणखी जास्त.

यावर शंका येते की हाच ट्रान्झिस्टर आणखी थंड जागी, थेट क्यूबिटच्या शेजारी का ठेवू नये. तो चालताना काही मिलिवॉट उष्णता सोडतो. रेफ्रिजरेटरच्या सर्वांत थंड तळाची उष्णता उचलण्याची क्षमता मात्र मायक्रोवॉटमध्ये मोजावी लागते, म्हणजे हजारो पटींचे नाही तरी शेकडो पटींचे अंतर तिथे सहज पडते. एक ट्रान्झिस्टर तिथे ठेवला तर तो तळच तापवून टाकील. शिवाय तो स्वतःच्याच उष्णतेने तापलेला राहत असल्यामुळे भोवतालची थंडी एका मर्यादेनंतर त्याच्या उपयोगीही पडत नाही. तेव्हा असा ॲम्प्लिफायर हवा, जो मुळात उष्णता सोडतच नाही.

## रोधच नसलेला धातू

१९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओन्नेस यांना असे आढळले की ४.२ केल्विनच्या आसपास पाऱ्याचा विद्युत रोध अचानक नाहीसा होतो. अशा धातूंना अतिसंवाहक म्हणतात. ॲल्युमिनियम सुमारे १.२ केल्विनला आणि नायोबियम सुमारे ९.२ केल्विनला या अवस्थेत जातो. रोध नाही म्हणजे प्रवाहाची उष्णता होत नाही, आणि नायक्विस्ट यांच्या गणितानुसार जिथे रोध नाही तिथे रोधाची खरखरही नाही.

परंतु नुसती रोधरहित तार काही मोठे करत नाही. त्यासाठी आणखी एक गुण लागतो, आणि तो जोसेफसन जोडात मिळतो. दोन अतिसंवाहक थरांच्या मध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा विसंवाहक थर ठेवला, तर त्या अडथळ्यातूनही रोधाशिवाय प्रवाह वाहू शकतो, असे भाकीत केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी केले आणि पुढच्याच वर्षी ते प्रयोगाने खरे ठरले. १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आपल्या कामाचा भाग असा की विद्युत मंडलात प्रवाहाला जी एक प्रकारची जडता असते, जिला इंडक्टन्स म्हणतात, ती या जोडात स्थिर नसते. प्रवाह किंवा चुंबकीय क्षेत्र बदलले की ती बदलते, आणि हा बदल होताना काहीही जळत नाही, काहीही तापत नाही.

## झोका चढवण्याची युक्ती

इंडक्टन्स बदलता येण्यातून ॲम्प्लिफायर कसा तयार होतो, हे समजून घ्यायला नागपंचमीला कडुनिंबाच्या फांदीला बांधलेला झोका पुरेसा आहे. मुलगी फळीवर उभी राहून झोका चढवते तेव्हा तिला मागून कोणी ढकलत नसते. झोका दोन्ही टोकांना पोहोचला की ती गुडघ्यात वाकते आणि मधल्या, सर्वांत खालच्या जागी आला की ताठ उभी होते. एका पूर्ण फेरीत झोका मधून दोनदा जातो, म्हणजे तिचे उठणे-वाकणे झोक्याच्या दुप्पट लयीत चालते. उठताना ती शरीराचा भार वर उचलते. त्यामुळे झोक्याची परिणामी लांबी बदलते आणि तिच्या पायांतली शक्ती झोक्याच्या झेपेत उतरते.

आपल्या ॲम्प्लिफायरमध्ये झोक्याच्या जागी रेझोनेटर आहे आणि झोक्याच्या लांबीच्या जागी जोसेफसन जोडाचे इंडक्टन्स आहे. दोन जोड वाटोळ्या कड्यात बसवले, ज्याला स्क्विड म्हणतात, तर त्या कड्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलून इंडक्टन्स हवे तसे बदलता येते. बाहेरून संकेताच्या दुप्पट वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र त्यावर सोडतात. त्याला पंप म्हणतात आणि मुलीच्या पायांतली शक्ती ती हीच. क्यूबिटकडून आलेली क्षीण लहर म्हणजे झोक्याची सुरुवातीची हलकी झुल. पंपाची ऊर्जा तिच्यात उतरत जाते आणि काही क्षणांत ती शंभरेक पट शक्तीची होऊन बाहेर पडते. या सर्व व्यवहारात रोध कुठेही नाही. लहर जशी येते तशी, त्याच आकाराची, मोठी होऊन परतते.

युक्तीचे तत्त्व नवे नाही. बेल प्रयोगशाळेत बर्नार्ड युर्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच जोसेफसन जोडांवर असे ॲम्प्लिफायर करून पाहिले होते. पण क्यूबिट वाचण्याची निकड निर्माण झाली तेव्हाच, म्हणजे २००७-०८ पासून पुढे, कोलोरॅडोतील कॉनरॅड लेनर्ट यांच्यासारख्यांच्या प्रयोगशाळांतून ते खऱ्या अर्थाने रोजच्या वापरात आले. नोबेल विजेत्यांपैकी देव्होरे यांच्या येल विद्यापीठातील गटानेही या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा प्रकार विकसित केला आहे. पारितोषिकाच्या बातम्यांमधून ही बाजू सहसा निसटते.

आता फ्रिस यांचा हिशेब पुन्हा मांडावा. पहिल्या टप्प्यावर शंभर पट करणारा हा ॲम्प्लिफायर आला की मागच्या ट्रान्झिस्टरची २-३ केल्विनची खरखर ०.०२-०.०३ केल्विनएवढीच जाणवते, म्हणजे एका फोटॉनचा साधारण दहावा हिस्सा. ट्रान्झिस्टर काढून टाकलेला नाही. त्याला फक्त दुसऱ्या क्रमांकावर बसवले आहे.

## मग खरखर शून्य का होत नाही?

रोध नाही, उष्णता नाही, तरीही या ॲम्प्लिफायरला एक तळ आहे आणि तो कारागिरीच्या उणिवेमुळे आलेला नाही. सगळ्या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

झोका पूर्ण स्थिर असेल तर नुसते उठून-वाकून तो सुरू होत नाही, चढवायला आधी थोडी तरी झुल लागते. आपल्या अंगणातला झोका स्थिर उभा राहू शकतो. क्वांटम झोका मात्र कधीच पूर्ण स्थिर राहू शकत नाही. हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार एखाद्या दोलकाचे स्थान आणि गती ही दोन्ही एकाच वेळी नेमकी शून्य असणे अशक्य आहे. सगळी उष्णता काढून घेतली तरी अर्ध्या फोटॉनएवढी थरथर त्यात उरतेच. पंप चालू झाला की तो संकेत आणि थरथर असा भेद करत नाही, दोन्हींना चढवतो.

याच्यावर आणखी एक अट आहे. लहरीचे दोन पैलू असतात : ती किती उंच आहे आणि ती कोणत्या क्षणी शिखरावर पोहोचते. समजा, एखाद्या ॲम्प्लिफायरने दोन्ही पैलू काहीही न मिसळता हजार पट केले, तर त्या मोठ्या लहरीचे दोन वाटे करून एकावर पहिला आणि दुसऱ्यावर दुसरा पैलू हवा तितका नेमका मोजता येईल, आणि हायझेनबर्ग यांचे तत्त्वच मोडीत निघेल. निसर्ग हे होऊ देत नाही. दोन्ही पैलू वाढवणाऱ्या कुठल्याही ॲम्प्लिफायरला, वाढ भरपूर असेल तेव्हा, किमान अर्ध्या फोटॉनची खरखर स्वतःची म्हणून मिसळावीच लागते. १९६२ मध्ये हाउस आणि मुलन यांनी आणि १९८२ मध्ये कार्लटन केव्ह्ज यांनी हे गणिताने सिद्ध केले. ५ गिगाहर्ट्झला हा अर्धा फोटॉन म्हणजे सुमारे ०.१२ केल्विन. कितीही पैसा ओतला तरी त्या खाली उतरता येत नाही.

एक पळवाट मात्र आहे आणि ती कायद्यात बसणारी आहे. मुलीने चुकीच्या वेळी, म्हणजे झोका टोकाला असताना उठायला आणि मध्ये असताना वाकायला सुरुवात केली, तर झोका चढण्याऐवजी मंदावतो. त्याचप्रमाणे पंपाचा ठेका अचूक जुळवला तर लहरीचा एक पैलू वाढतो आणि दुसरा दाबला जातो. एका पैलूची माहिती सोडून देण्याच्या बदल्यात दुसरा पैलू कोणतीही भर न पडता वाढवता येतो, आणि केव्ह्ज यांच्या गणिताला त्यात काही आक्षेप नाही. या मार्गाने आधीच्या थरथरीलाही एका अंगाने दाबता येते. विश्वातील अदृश्य द्रव्याचे कण शोधण्यासाठी येल विद्यापीठात चालणाऱ्या हेस्टॅक नावाच्या प्रयोगात ही युक्ती वापरून शोधाचा वेग जवळपास दुप्पट झाला आणि ते निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

## एका वेळी एकच संकेत वाचायचा का?

रेझोनेटरवर बेतलेल्या ॲम्प्लिफायरची खोड अशी की तो स्वतःच्या वारंवारतेच्या आसपासच, साधारणपणे काही कोटी हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात, काम करतो. त्यातून तो लवकर भरूनही जातो, थोडा जास्त संकेत आला की वाढ मंदावते. शेकडो क्यूबिटांना प्रत्येकी एक असा ॲम्प्लिफायर द्यायचा तर रेफ्रिजरेटरमध्ये जागाच उरणार नाही.

उपाय म्हणून रेझोनेटर काढून टाकण्यात आला. त्याऐवजी एक लांब मार्ग आखतात आणि संकेत व पंप त्यातून बरोबरीने पुढे सरकतात. प्रत्येक पावलाला पंपाची थोडीशी ऊर्जा संकेतात उतरत जाते. कॅलिफोर्नियातील कॅलटेक ही संस्था आणि नासाची जेट प्रोपल्शन प्रयोगशाळा येथील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये नायोबियम-टायटॅनियम नायट्राइडची सुमारे ०.८ मीटर लांबीची बारीक पट्टी चकतीवर सर्पिलाकार गुंडाळून असा ॲम्प्लिफायर दाखवला. त्यात जोसेफसन जोड नव्हते, अतिसंवाहक पट्टीतल्या प्रवाहाच्या स्वतःच्या जडतेवरच तो चालत होता. २०१५ मध्ये बर्कले आणि मॅसॅच्युसेट्समधील गटांनी सुमारे दोन हजार जोसेफसन जोड ओळीने मांडून अर्ध्या फोटॉनच्या तळाजवळ पोहोचणारा प्रकार तयार केला. यांचा पट्टा कित्येक गिगाहर्ट्झ रुंद असतो, त्यामुळे एकाच तारेवरून वेगवेगळ्या वारंवारतांवर अनेक क्यूबिट एकदम वाचता येतात. एवढ्या लांब मार्गात थोडी गळती होतेच. गळालेल्या प्रत्येक फोटॉनाच्या जागी नवी थरथर शिरते, म्हणून प्रत्यक्षात हे प्रकार आदर्श तळाच्या थोडे वरच राहतात.

आकाशाच्या अभ्यासकांना या रुंद पट्ट्याचे विशेष महत्त्व आहे. २००३ मध्ये कॅलटेकच्या शास्त्रज्ञांनी एक नवा प्रकाशशोधक मांडला. त्यात अवकाशातून आलेला फोटॉन अतिसंवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या जोड्या मोडतो आणि त्यामुळे रेझोनेटरची वारंवारता जराशी ढळते. असे शेकडो-हजारो शोधक एकाच तारेवर, प्रत्येकाची वारंवारता वेगळी ठेवून, लावता येतात, आणि मग त्या सर्वांचे ऐकणारा एकच चांगला ॲम्प्लिफायर हवा असतो.

## संगणकाने खरखर गाळून टाकता येणार नाही का?

हा आक्षेप हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेऊन येतो. उत्तर असे आहे की ज्या गडबडीला ठरावीक साचा असतो, उदाहरणार्थ विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची भुणभुण, ती संगणक ओळखून वजा करू शकतो. पूर्णतः अनियमित खरखरीला साचाच नसतो, त्यामुळे तिच्याखाली गाडली गेलेली माहिती कोणत्याही आज्ञावलीला उकरून काढता येत नाही.

पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढणे हा एक प्रामाणिक उपाय आहे. मात्र सरासरीतली अनिश्चितता वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. खरखर दहा पट असेल तर तितकीच खात्री मिळवायला शंभर पट वेळ द्यावा लागतो. क्यूबिटच्या बाबतीत तर तेवढा वेळच नसतो. त्याची स्थिती अल्पकाळ टिकते आणि चुका दुरुस्त करायच्या तर उत्तर लगेच, पहिल्याच मोजणीत हवे असते. २०११ मध्ये बर्कले येथे आर. विजय, डॅनियल स्लिक्टर आणि इरफान सिद्दिकी यांनी याच जातीच्या ॲम्प्लिफायरने एका क्यूबिटला एका स्थितीतून दुसरीत उडी घेताना, घडत असतानाच पाहिले. सरासरीत अशी उडी दिसणेच शक्य नव्हते, कारण प्रत्येक वेळी ती वेगळ्या क्षणी होते आणि सरासरी काढली की पुसली जाते.

वेळेचा हिशेब किती निष्ठुर असू शकतो हे अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात चालणाऱ्या एडीएमएक्स या प्रयोगात दिसते. विश्वातील अदृश्य द्रव्य ॲक्सिऑन नावाच्या कणांचे असेल, तर प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील धातूच्या पोकळीत ते क्वचित मायक्रोवेव्ह फोटॉन बनतील, अशी त्यामागची कल्पना आहे. अपेक्षित शक्ती इतकी अल्प आहे की एका वॉटचे एकावर तेवीस शून्ये इतके भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढी ती भरते. शिवाय कोणत्या वारंवारतेवर शोधायचे हेही ठाऊक नाही, म्हणून तिळातिळाने वारंवारता बदलत पुढे जावे लागते आणि प्रत्येक पावलावर थांबून ऐकावे लागते. तिथे खरखर अर्धी झाली की काळ एक चतुर्थांश होतो. या प्रयोगासाठी स्क्विडवर चालणारे ॲम्प्लिफायर जॉन क्लार्क यांच्याच गटाने घडवले होते. ॲक्सिऑन अजून सापडलेला नाही.

## हे सगळीकडेच वापरावे का?

नाही. आपल्या राज्यातच नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्यांवरचे ॲम्प्लिफायर थंड न करताच चालवतात. त्यात निष्काळजीपणा नाही. ती दुर्बीण तुलनेने कमी वारंवारतांवर ऐकते, आणि १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आपल्या आकाशगंगेचीच खरखर शेकडो केल्विनची असते. आकाशच एवढे बोलत असताना ॲम्प्लिफायर अर्ध्या फोटॉनवर आणून काय मिळणार? अतिथंड ॲम्प्लिफायरचा खर्च जिथे संकेताचे उगमस्थानच शांत आहे तिथेच सार्थकी लागतो.

## आपल्याकडे काय चालले आहे?

केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या कार्यक्रमाचा खर्च ६,००३.६५ कोटी रुपये आहे आणि त्यातील संवेदन व मापन या विषयाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. वर उल्लेख आलेले आर. विजय आता मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत क्यूबिटांवर काम करतात. ही संस्था आणि डीआरडीओची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी मिळून सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले.

एवढा पैसा इथे कशाला, कपाशीला भाव द्यावा, असे गावात कोणी म्हणाले तर ते मला अप्रस्तुत वाटत नाही, आणि या ॲम्प्लिफायरमुळे उद्या शेतकऱ्याचे काही भले होईल असे आश्वासन मी देणार नाही. हा एक वेगळा, पायाभूत स्वरूपाचा खर्च आहे एवढेच म्हणता येते. माझी तक्रार दुसरीच आहे. क्यूबिटांची संख्या किती झाली याचीच जाहिरात होते, आणि ते वाचणारी साखळी, तिच्यातले ॲम्प्लिफायर, तारा, चुंबकीय आवरणे, यांचे कौशल्य देशात किती जणांकडे आहे याची विचारणा होत नाही. हे कौशल्य हाताने शिकण्याचे आहे, आणि त्याची पहिली इयत्ता तालुक्याच्या महाविद्यालयातही भरवता येते.

१०० किलोओहमचा एक रोधक, कमी खरखरीचा ऑप-ॲम्प (चिपच्या रूपात मिळणारा तयार ॲम्प्लिफायर) आणि पत्र्याचा बंद डबा एवढ्या सामग्रीवर जॉन्सन यांचा १९२८ चा प्रयोग करता येतो. वीजपुरवठा बॅटरीचाच घ्यावा, नाहीतर लाइनची भुणभुण सगळे व्यापून टाकते. १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्या रोधकाची खरखर सुमारे ४ मायक्रोव्होल्ट भरते, आणि ऑप-ॲम्पची स्वतःची खरखर त्यातून वजा करायला शिकणे हाच धड्याचा मुख्य भाग आहे. विदर्भाचे हवामान इथे कामी येते. डिसेंबरच्या पहाटेच्या १२ अंशांना आणि मे महिन्याच्या दुपारच्या ४६ अंशांना तीच मोजणी केली, तर खरखरीच्या दाबात सुमारे ६ टक्क्यांचा फरक पडायला हवा, आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तो दिसू शकतो.